तोब्रुकचा आग्नेय कोपरा

दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेचा विषय निघाला की बहुतेक वाचकांच्या मनात दोनच नावे उभी राहतात. एक रोमेलचे आणि दुसरे माँटगोमरीचे. फार तर एल अलामीन हे तिसरे नाव त्यांच्या जोडीला येते. इतिहासाच्या तासाला आम्ही शिक्षकही त्यापलीकडे सहसा जात नाही. तीन वर्षे चाललेली ती मोहीम आपण दोन सेनापतींचे द्वंद्व म्हणून सांगतो आणि घंटा झाली की पुढच्या धड्याकडे वळतो. पण या मोहिमेत २० जून १९४२ हा एक दिवस असा आहे की त्याच्याकडे मराठी वाचकाने तरी असे घाईने पाहू नये. त्या दिवशी पहाटे लिबियाच्या किनाऱ्यावरील तोब्रुक या तटबंदीच्या बंदरावर जर्मन सैन्याने घाला घातला. सकाळचे नऊ वाजण्यापूर्वीच तटबंदीस भगदाड पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुमारे तेहतीस हजारांच्या शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली. ब्रिटिश साम्राज्याच्या दृष्टीने सिंगापूरच्या खालोखाल लाजिरवाणा असा हा पराभव होता. ज्या आग्नेय कोपऱ्यात ते भगदाड पडले तो कोपरा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीच्या ताब्यात होता.

युद्धोत्तर काळात या मोहिमेवर ग्रंथांचा डोंगर उभा राहिला. सेनापतींनी आठवणी लिहिल्या, त्यांच्या चिटणिसांनी लिहिल्या, पराभूतांनी लिहिल्या आणि जेत्यांनी तर लिहिल्याच. त्यांपैकी बहुतेकांत या पलटणीच्या वाट्यास एखाद-दुसरे वाक्य येते. हवाई माऱ्याने ती दिपून गेली आणि तिची फळी फुटली, एवढाच त्या वाक्याचा आशय असतो. ते वाक्य खोटे नाही. मात्र इतिहासात जे वाक्य खोटे नसते ते पुरेसे असतेच असे नाही. भगदाड त्या जागी का पडले, आणि ते कोणी, केव्हा पाडून ठेवले होते, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

त्यासाठी आधी भूमी पाहिली पाहिजे. लिबिया आणि पश्चिम इजिप्त यांचे ते वाळवंट म्हणजे केवळ वाळूच्या टेकड्या नव्हेत. बराचसा भाग कठीण, खडकाळ, धुळीचा आणि सपाट आहे. त्यावर सहा फूट उंचीचा दगडी ढिगारासुद्धा लष्करी नकाशात टेकडी म्हणून मिरवतो. किनाऱ्याला लागून इटालियनांनी बांधलेली एकच पक्की सडक होती. त्रिपोलीहून बेनगाझी हजार किलोमीटर, बेनगाझीहून तोब्रुक साडेचारशेच्या वर, आणि तोब्रुकहून अलेक्झांड्रिया जवळजवळ साडेसहाशे. बेळगावाहून निघून मुंबई गाठावी एवढे अंतर त्या प्रदेशात दोन बंदरांच्या दरम्यान पडत असे, आणि मध्ये ना नदी, ना धान्य पिकविणारे गाव, ना बाजारपेठ. पाण्याचा थेंब, पिठाची चिमूट, तोफेचा गोळा आणि पेट्रोलचा डबा, सारे मागून आणावे लागे. जो सेनापती जिंकत पुढे जाई त्याची रसद त्याच वेळी मागे लांबत जाई. जो हरत मागे येई तो आपल्या कोठारांच्या जवळ येई आणि पुन्हा सावरे. या मोहिमेत दोन्ही बाजू लंबकासारख्या पुढे-मागे झुलल्या, त्याचे मूळ सेनापतींच्या प्रतिभेत जेवढे आहे त्याहून अधिक या अंतरांत आहे. रसद तुटली म्हणजे काय होते हे पानिपत ठाऊक असलेल्या वाचकाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून तोब्रुकचे मोल. बेनगाझी आणि अलेक्झांड्रिया यांच्या दरम्यान खोल पाण्याचे, सुरक्षित, मोठी जहाजे लागू शकतील असे तेवढे एकच बंदर. ते ज्याच्या हाती त्याची रसद शेकडो किलोमीटरांनी जवळ येई. इटालियनांनी या बंदराभोवती जमिनीच्या बाजूने सुमारे ४८ किलोमीटर लांबीची अर्धवर्तुळाकार तटबंदी उभारली होती. तटबंदी म्हणजे आपल्या गडकोटांसारखे बुरूज नव्हेत. जमिनीच्या पातळीखाली काँक्रीटने बांधलेले मोर्चे, त्यांच्यापुढे तारा, सुरुंगांची पेरणी आणि रणगाडे अडविण्यासाठी खोदलेला खंदक, अशी ती रचना होती.

इटली १० जून १९४० रोजी युद्धात उतरला. सप्टेंबरात मार्शल ग्रात्सियानीचे सैन्य इजिप्तच्या हद्दीत सिदी बर्रानीपर्यंत येऊन थांबले. ९ डिसेंबरला जनरल ओकॉनरने त्याच्यावर उलटा घाव घातला. त्या पहिल्या चढाईत ब्रिटिशांच्या सातव्या चिलखती डिव्हिजनच्या बरोबरीने चौथी भारतीय डिव्हिजन होती. सिदी बर्रानी पडताच तिला सुदान-इरिट्रियाकडे हलविण्यात आले आणि तिची जागा ऑस्ट्रेलियनांनी घेतली. २२ जानेवारी १९४१ रोजी तोब्रुक ब्रिटिशांच्या हाती आले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बेडा फोम येथे इटालियनांचे दहावे सैन्य संपले. दोन महिन्यांत सुमारे एक लाख तीस हजार कैदी सापडले. त्याच फेब्रुवारीच्या १२ तारखेस रोमेल त्रिपोलीला उतरला आणि लंबक उलट दिशेने निघाला. एप्रिलमध्ये तोब्रुकला वेढा पडला. नवव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनने जनरल मॉर्सहेडच्या नेतृत्वाखाली तो वेढा झुंजवला. आपली १८ वी कॅव्हलरीही त्या वेढ्यात पायउतार होऊन मोर्चे धरून होती. बर्लिनच्या नभोवाणीने या शिबंदीला उंदीर म्हणून हिणविले आणि शिबंदीने ते नाव बिरुदासारखे मिरविले. जवळजवळ आठ महिन्यांनी, १९४१ च्या अखेरीस तो वेढा उठला. तोब्रुक म्हणजे न पडणारे ठाणे ही समजूत या आठ महिन्यांत तयार झाली, आणि पुढच्या अनर्थाचे एक मूळ या समजुतीत आहे.

मराठा पलटणीचा या वाळवंटाशी परिचय त्याच वर्षी झाला. जून १९४१ मध्ये तोब्रुकचा वेढा उठविण्यासाठी ब्रिटिशांनी जो पहिला मोठा प्रयत्न केला त्यात अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे हलफाया खिंड घेण्याचे काम होते. खिंडीच्या वरच्या अंगाने कॅमरॉन हायलँडर्स आणि रणगाडे, आणि खालच्या, समुद्राकडच्या अंगाने राजपुताना रायफल्स व मराठे, अशी योजना होती. वरच्या बाजूस जर्मनांनी आपल्या ८८ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा जमिनीत पुरून त्यांची तोंडे आडवी करून ठेवली होती. वरच्या बाजूने आलेले बहुतेक ब्रिटिश रणगाडे त्या तोफांनी फोडले. खालून वारंवार चढाई करूनही खिंड हाती आली नाही. तीन दिवसांत ती सारी मोहीम गुंडाळावी लागली. रणगाड्यांशिवाय पायदळ उघड्या वाळवंटात काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे या पलटणीने तोब्रुकच्या वर्षभर आधीच अनुभवले होते.

ही पलटण कोण, हेही दोन शब्दांत सांगितले पाहिजे. पलटणीच्या परंपरेत तिचे नाव ‘काळी पाचवी’. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी ती १०५ वी मराठा लाइट इन्फंट्री होती. तिचे मूळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुण्यात थोरल्या माधवरावांची पेशवाई असताना, मुंबईकर इंग्रजांनी उभ्या केलेल्या शिपाई पलटणींत आहे. ज्या सत्तेने पुढे मराठी राज्य बुडविले तिच्या चाकरीत मराठी माणसांची ही पलटण दीडशेहून अधिक वर्षे होती, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. तिच्यात देशावरचे आणि कोकणातले मराठे असत. त्यांची भरती सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव अशा भागांतून होई, आणि रेजिमेंटचे प्रशिक्षणाचे केंद्र १९२२ पासून बेळगावात होते.

आता १९४२ कडे वळू. डिसेंबर १९४१ मध्ये एल अघेलापर्यंत मागे रेटलेला रोमेल २१ जानेवारी १९४२ रोजी पुन्हा उसळला. महिनाअखेर बेनगाझी त्याच्या हाती गेले आणि ब्रिटिशांचे आठवे सैन्य तोब्रुकच्या पश्चिमेस गझाला येथे येऊन थांबले. या सुमारास मध्यपूर्वेच्या सरसेनापतीने, म्हणजे जनरल ऑकिनलेकने, नौदल व विमानदलाच्या प्रमुखांच्या सहमतीने एक निर्णय घेतला होता. तो असा की, पुन्हा तशी वेळ आली तर तोब्रुकला वेढ्यात लढवायचे नाही. कारण उघड होते. पहिल्या वेढ्यात समुद्रमार्गे रसद पोचविताना नौदलाने इतकी जहाजे गमावली होती की तो खर्च दुसऱ्यांदा परवडणारा नव्हता. हा निर्णय युक्त होता असेच आज म्हणावे लागेल.

परंतु निर्णय एकदा झाला की त्याचे परिणाम मुकाट्याने होत राहतात. जे ठाणे लढवायचेच नाही त्याच्या तटबंदीची डागडुजी कोण करील? गझालापासून बीर हकीमपर्यंत नवी रेषा आखली जात होती, तिला सुरुंग कमी पडत होते. तेव्हा तोब्रुकच्या भोवतीचे सुरुंग उकरून तिकडे नेण्यात आले. रणगाडे अडविणारा खंदक वाऱ्याने उडत आलेल्या वाळूने जागोजागी भरत गेला आणि कडा ढासळून उथळ झाला, आणि तो उपसण्याची निकड कोणालाच वाटली नाही. तोब्रुक म्हणजे आता आघाडीच्या मागचे प्रचंड कोठार होते. तेथे पेट्रोल होते, धान्य होते, कपडालत्ता होता, कारकून होते, गाड्या होत्या. नव्हती ती फक्त तटबंदी, आणि नकाशावर मात्र ती पूर्वीसारखीच काढलेली होती.

गझालाची लढाई २६ मे च्या रात्री सुरू झाली. तिचे सविस्तर वर्णन येथे करीत नाही, कारण ती गुंतागुंतीची आहे आणि आपल्या विषयाला तिचा शेवट तेवढा हवा आहे. रोमेल दक्षिणेकडून वळसा घालून आला. बीर हकीमजवळ तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड पहिल्याच सकाळी त्याच्या रणगाड्यांखाली सापडली. बीर हकीमच्या ठाण्यात स्वतंत्र फ्रान्सच्या तुकडीने १० जूनच्या रात्रीपर्यंत अपूर्व टिकाव धरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिशांनी केलेला उलटा हल्ला फसला आणि त्यात दहावी भारतीय ब्रिगेड अक्षरशः तुडविली गेली. १२ व १३ जूनला रणगाड्यांच्या झुंजीत ब्रिटिशांचे चिलखती बळ संपुष्टात आले. १४ तारखेस माघार सुरू झाली.

आणि त्याच दिवशी लंडनहून चर्चिलची तार आली. तोब्रुक सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही असे आपण गृहीत धरतो, असा तिचा आशय होता. येथे सारी मेख आहे. सेनापतींनी हिवाळ्यात घेतलेला निर्णय एक, पंतप्रधानांची जूनमधील अपेक्षा दुसरी. ऑकिनलेकने या दोहोंतून वाट काढली. तोब्रुक वेढले जाऊ द्यायचे नाही, पण सोडायचेही नाही. वेढा पडलाच तर थोडा काळ ते धरून ठेवायचे. खालचा सेनापती रिची याने या वाटेचा अर्थ आपल्या परीने लावला. अशा तडजोडी कार्यालयात बसून सुचतात. त्यांची किंमत मोर्च्यात बसलेल्या माणसाला द्यावी लागते. पाच महिने जे ठाणे टाकून द्यायचे म्हणून उघडे करून ठेवले, तेच चार दिवसांत लढविण्याचे ठाणे ठरले. सुरुंग मात्र गझालाच्या वाळूत राहिले होते.

तोब्रुकचा ताबा दुसऱ्या दक्षिण आफ्रिकी डिव्हिजनचा प्रमुख जनरल क्लॉपर याच्याकडे देण्यात आला. डिव्हिजनचे नेतृत्व त्याच्याकडे येऊन जेमतेम महिना झाला होता. त्याच्या दोन ब्रिगेडी पश्चिम व दक्षिण बाजूस होत्या. आत राखीव म्हणून गार्ड्स ब्रिगेड आणि पन्नासेक जड रणगाडे होते. पूर्व व आग्नेय बाजू अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होती. समुद्राकडून पाहिल्यास प्रथम सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण, मध्ये मराठे, आणि त्यांच्या उजवीकडे कॅमरॉन हायलँडर्स. १६ जूनच्या रात्री एल अदेमचे ठाणे सोडले गेले. पाठोपाठ सिदी रेझेगहून भारतीय ब्रिगेड मागे घेतली गेली आणि गंबूतचे विमानतळ गेले. विमानतळ गेले याचा अर्थ पुरता ध्यानात घेतला पाहिजे. ब्रिटिश लढाऊ विमानांना सरहद्दीपलीकडे इजिप्तमध्ये जावे लागले आणि तेथून तोब्रुक त्यांच्या टप्प्यात राहिले नाही. १८ तारखेस वेढा पुरा झाला. तोब्रुकच्या आकाशात त्या दिवसापासून फक्त शत्रूची विमाने उरली.

रोमेलने आग्नेय कोपराच का निवडला, याचे उत्तर सोपे आहे. त्या बाजूची जमीन रणगाड्यांना सोयीची होती आणि आत शिरताच बंदराकडे उतरणारी वाट सापडत होती. त्याच कोपऱ्यावर हल्ला चढविण्याचा बेत त्याने नोव्हेंबर १९४१ मध्येही केला होता. ब्रिटिशांची चढाई आधी झाल्याने तो तेव्हा फसला एवढेच. म्हणजे बेत जुना, जागा पाहिलेली, मार्ग ठरलेला. १९ जूनला त्याचे रणगाडे पूर्वेकडे सरहद्दीच्या दिशेने जाताना दिसले. तोब्रुकला वेढून ठेवून हा इजिप्तवर चालला, असा समज व्हावा हाच हेतू होता. रात्री ते मागे फिरले.

२० जूनला पहाटे पाचच्या सुमारास बाँबफेक सुरू झाली. उत्तर आफ्रिकेतील जर्मन-इटालियन विमानदलाने हाती होते नव्हते तेवढे बळ त्या एका चिंचोळ्या पट्टीवर ओतले. विमाने जवळच्या तळांवरून उठत, बाँब टाकीत, परत जाऊन पुन्हा भरून येत. बरोबरीने तोफखाना चालू होता. धूळ आणि धुराच्या पडद्याआड जर्मन पायदळ आणि सुरुंग काढणारी पथके पुढे सरकली. त्यांनी उरलेसुरले सुरुंग उचलले आणि खंदकावर पूल टाकले. सातच्या सुमारास पहिला मोर्चा पडला, तासाभरात त्याच्या आजूबाजूचे पडले. मराठ्यांनी आपली राखीव कंपनी आणि चिलखती कॅरियर गाड्या घालून उलटा हल्ला केला. पलटणीपाशी जे होते ते सारे त्यात लागले, परंतु भगदाड बुजण्याइतके ते नव्हते. साडेआठच्या सुमारास जर्मन रणगाडे खंदक ओलांडू लागले आणि पलटणीचे मोर्चे एकामागून एक मागून वेढले गेले.

येथून पुढचे काम मराठ्यांचे नव्हते, मागच्या राखीव दलाचे होते. तटबंदीची कल्पनाच अशी असते की बाहेरची फळी शत्रूला थोडा वेळ अडवील, त्याचा मार्ग उघड करील, आणि मग आतील तोफा व रणगाडे त्याच्यावर तुटून पडतील. पहिल्या वेढ्यात ऑस्ट्रेलियनांनी हेच केले होते. तेव्हाही जर्मन रणगाडे आत शिरले होते, पण आत त्यांची गाठ सज्ज तोफांशी पडली होती. २० जूनला भगदाडाच्या तोंडावर तोफांचा मारा उशिरा आणि विस्कळित झाला. राखीव रणगाड्यांना हुकूम उशिरा पोचला, आणि ते पुढे आले तेव्हा मोर्चे कधीच पडले होते. त्यांची गाठ पायदळाशी न पडता जर्मनांच्या दोन संपूर्ण पँझर डिव्हिजनांशी पडली. क्लॉपरचे ठाणे दूर पश्चिमेस होते आणि आग्नेयेस काय घडते आहे याची यथार्थ कल्पना त्याला कित्येक तास नव्हती. दुपारपर्यंत रोमेलचे रणगाडे तटबंदीच्या आतील मुख्य चौरस्त्यावर आले आणि संध्याकाळी सातच्या सुमारास बंदरात. २१ तारखेस सकाळी क्लॉपरने शरणागती दिली. पश्चिमेकडील दक्षिण आफ्रिकी पलटणींपैकी कित्येकांना तोपर्यंत लढाईचा स्पर्शही झाला नव्हता.

या पार्श्वभूमीवर ‘फळी फुटली’ या वाक्याकडे पुन्हा पाहावे. सुरुंग कोणी उचलले होते? खंदक कोणी भरू दिला होता? आकाश कोणी सोडले होते? राखीव रणगाड्यांना हुकूम कोणी द्यावयाचा होता? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पलटणीकडे बोट दाखवीत नाही. एका पायदळ पलटणीने, विमानांचे छत्र नसताना, बुजलेल्या खंदकामागे, दोन चिलखती डिव्हिजनांचा रेटा तीन-साडेतीन तास अंगावर घेतला, असेही तेच वाक्य लिहिता आले असते. मी येथे पराक्रमाचा पोवाडा रचू इच्छित नाही. मराठे त्या सकाळी हरले ही वस्तुस्थिती आहे, आणि बाँबच्या वर्षावाखाली काही जण हतबल झाले असतील तर त्यात आश्चर्य नाही, ती माणसे होती. पण शेजारच्या दोन पलटणींचे उदाहरण बोलके आहे. मुख्य घाव त्यांच्यावर नव्हता. कॅमरॉनांच्या समोर आलेल्या इटालियनांना तेथून वाट मिळाली नाही. गुरखे २१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत आणि कॅमरॉन तर शरणागतीचा हुकूम न मानता २२ पर्यंत लढत राहिले. तिन्ही पलटणी एकाच ब्रिगेडमधील, एकाच शिस्तीतील. तिघींपैकी एकीच्याच अंगी दम नव्हता असे मानण्यापेक्षा तिघींपैकी एकीवरच घाव पडला असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

तोब्रुक पडल्याची वार्ता चर्चिलला वॉशिंग्टनमध्ये, रूझवेल्टच्या समक्ष कळली. तिचा त्याला बसलेला धक्का आणि त्यातील मानहानीची भावना त्याने पुढे स्वतः नमूद केली आहे. रूझवेल्टने तेथल्या तेथे तीनशे शर्मन रणगाडे आणि शंभर स्वयंचलित गाड्यांवरील तोफा देऊ केल्या. जुलैच्या आरंभी पार्लमेंटमध्ये अविश्वासाचा ठराव आला आणि तो ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला. रोमेल फील्डमार्शल झाला. त्याच्या हाती सुमारे दोन हजार वाहने, पाच हजार टन अन्नसामग्री आणि हजारावर टन पेट्रोल आले, आणि या लुटीनेच त्याला भुरळ घातली. माल्टा बेट आधी घ्यावे आणि मग इजिप्तवर जावे असे ठरलेले असताना तो बेत मागे टाकून तो थेट पूर्वेकडे धावला. अलामीनपाशी समुद्र आणि कत्ताराचा खोलगट खारवट प्रदेश यांच्यामधल्या साठेक किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीत तो अडला. तेथे १ जुलैला देर एल शेन येथे अठराव्या भारतीय ब्रिगेडने त्याचा एक संपूर्ण दिवस खाल्ला आणि त्या ब्रिगेडचा जवळजवळ नाश झाला. त्या एका दिवसाचे मोल काही इतिहासकारांनी आता मान्य केले आहे. पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस माँटगोमरीची लढाई सुरू झाली आणि १३ नोव्हेंबर १९४२ रोजी तोब्रुक पुन्हा ब्रिटिशांच्या हाती आले.

परंतु तोब्रुकचे कैदी तोपर्यंत समुद्रापार गेले होते. त्यांत भारतीय सुमारे अडीच हजार होते. इटलीत आव्हेझ्झानो वगैरे ठिकाणी भारतीय युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा त्यांतील काही जण तारा ओलांडून डोंगरांत पळाले आणि तेथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्यांना आसरा दिला. अनेकांना जर्मनांनी पुन्हा पकडून उत्तरेकडे नेले. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांपुढे आणखी एक वाट उघडली होती. सुभाषबाबू एप्रिल १९४१ पासून बर्लिनमध्ये होते. त्यांनी उभारलेल्या आझाद हिंद पथकात अडीच-तीन हजार माणसे होती, आणि ती बहुतांशी या वाळवंटात पकडली गेलेली होती. एका बाजूस वाहिलेली शपथ, दुसऱ्या बाजूस देशाची हाक. छावणीतल्या एखाद्या शिपायाने या दोहोंपैकी काय निवडले आणि का निवडले, याचा न्याय करण्यास आपण अधिकारी नाही. मात्र ही निवड त्याच्यापुढे आली होती, एवढे तरी आपल्या लेखनात यावयास हवे होते.

ते आले नाही, याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तोब्रुक पडल्यानंतर सातच आठवड्यांनी, ८ ऑगस्टला, मुंबईस गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ज्या सातारा जिल्ह्यातून पलटणीत माणसे जात होती त्याच जिल्ह्यात पुढे १९४३ ते १९४६ पर्यंत नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. एकाच गावात एका घरातला मुलगा भूमिगत आणि दुसऱ्या घरातला मुलगा इटलीच्या छावणीत, आणि क्वचित ही दोन घरे एकच असणार. स्वातंत्र्यानंतर आपण इतिहास लिहावयास बसलो तेव्हा पहिल्याची कथा लिहिली, आणि ते योग्यच होते. दुसऱ्याची कथा मात्र ना आपल्याला आपली वाटली, ना इंग्रजाला त्याची. इंग्रजाने आपल्या पराभवाच्या हिशेबात तिला एक वाक्य दिले. आपण तेवढेही दिले नाही.

भाषेच्या अभ्यासकांना या संदर्भात एक गोष्ट विशेष खटकेल. मध्यपूर्वेतील भारतीय सैनिकांची घरी जाणारी आणि घरून येणारी पत्रे लष्करी तपासनीस वाचीत आणि त्यांतील उल्लेखनीय मजकूर निवडून पंधरवड्याचे अहवाल तयार करीत. ते अहवाल लंडनच्या संग्रहात सुरक्षित आहेत. भाव महागल्याची तक्रार, पाऊस पडला की नाही याची चौकशी, धाकट्या भावाला शाळेत घालण्याची ताकीद, विजयाची घमेंड आणि मरणाची भीती, सारे त्यांत आहे. पण ते सारे इंग्रजी भाषांतरात. देशावरच्या किंवा कोकणातल्या शिपायाने आईला जे लिहिले ते आज वाचावयाचे तर तपासनिसाच्या इंग्रजीतून वाचावे लागते, आणि त्याचे मूळ शब्द त्या कार्यालयातल्या टेबलावरच विरले. गावोगावच्या घरांत, फडताळात किंवा देव्हाऱ्यामागे, तपासणीचा शिक्का असलेली काही पत्रे, एखादे पदक, युद्धकैद्याचे एखादे कार्ड अजूनही असण्याचा संभव आहे. आपल्या संस्थेने बखरी आणि कागदपत्रे गोळा करण्यात जो उत्साह वेळोवेळी दाखविला त्याचा काही अंश या कागदांकडे वळला तर, विशेषतः सीमाभागातील सभासदांना, हे काम दुर्घट नाही. शिक्षकांनी वर्गात नुसते विचारले तरी एखाद्या मुलाच्या पणजोबांचा कागद निघेल.

रेजिमेंटचे पुढचे यश प्रसिद्ध आहे. इटलीच्या भूमीवर १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि ९ एप्रिल १९४५ च्या लढाईतील शौर्याबद्दल शिपाई नामदेव जाधव यांना, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही नावे बेळगावात आणि बाहेरही आदराने घेतली जातात. तोब्रुकच्या त्या सकाळचे मात्र कोणतेही नाव कोणाच्या तोंडी नाही. अलामीनच्या युद्धस्मशानात कबरींच्या ओळींबरोबरच, धर्मानुसार ज्यांचे दहन झाले अशा सैनिकांसाठी एक वेगळे स्मारक उभारलेले आहे आणि त्यावर सहाशेहून अधिक नावे कोरलेली आहेत. त्याशिवाय ज्यांचा देह हाती लागला नाही अशा, भूदलातील व हवाई दलातील हजारो जणांची नावे तेथील भिंतींवर आहेत. रेजिमेंटवार लावलेल्या त्या याद्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची यादी आहे. ती रोमन लिपीत आहे. ती देवनागरीत उतरवून, प्रत्येक नावापुढे गाव आणि तालुका लावून छापण्याचे काम एखाद्या अंकाच्या चार-सहा पानांत होण्यासारखे आहे.